पडदा, घड्याळ आणि देवनागरी

मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कांटाफोड आणि सतवास यांच्या शेजारी, लोहारदा हे छोटे नगर आहे. जिल्ह्याचे ठाणे देवास म्हणजे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची राजधानी; पश्चिमेकडचे धारही पवारांचेच. अठराव्या शतकात या सरदारांबरोबर माळव्यात गेलेली मराठी कुटुंबे तिथलीच होऊन गेली. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात माळवी अशा तीन भाषांत वाढलेली माणसे देवास-धारच्या पट्ट्यात आजही भेटतात. या तिन्ही भाषा लिहिल्या जातात त्या मात्र एकाच लिपीत, देवनागरीत.

मानसशास्त्राच्या अभ्यासकाला इथे एक फार सुरेख प्रश्न सापडतो. पडद्यावर ‘शिक्षा’ हा शब्द आला. मराठीत तो दंड, हिंदीत शिक्षण. ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. शब्द कोणत्या भाषेतला हे अक्षरांवरून ओळखण्याची सोय नाही. अशा वेळी ‘फक्त मराठी शब्द म्हणून वाचा’ असे बजावले, तरी हिंदी अर्थ मध्ये डोकावतो का? आणि डोकावत असेल, तर उत्तर द्यायला किती जास्त वेळ लागतो? डच आणि इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांवर असे प्रयोग टॉन डाइकस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले. दोन्ही भाषांत सारखेच लिहिले जाणारे पण अर्थाने वेगळे शब्द त्यांनी वापरले. प्रयोगात कोणते शब्द मिसळले आहेत आणि सूचना काय दिली आहे, यावर निकाल बदलतो असे त्यांना दिसले. समजा, इंदूरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या विद्यार्थिनीने हाच प्रश्न लोहारद्याच्या आणि देवासच्या वाचकांना विचारायचे ठरवले. शब्द गोळा झाले, मार्गदर्शकांनी मान डोलावली. पुढचा प्रश्न आला: प्रयोग चालवायचा कशावर?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘आपल्या लॅबमध्ये जे आहे ते’ असे मिळते. त्यात वावगे काहीच नाही. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सीनियरला जे पॅकेज येते, ते शिकायला सोपे जाते. रात्री काही अडले तर विचारायला माणूस असतो. अडचण येते ती पुढे. पॅकेज आधी ठरले की प्रयोग त्याच्या मापाने कापला जातो. खरे म्हणजे आधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढायला हव्यात: किती बारीक वेळ मोजायची आहे, पडद्यावर काय दाखवायचे आहे, आणि उत्तर देणाऱ्या माणसाच्या हातात कोणते यंत्र आहे. लोहारद्याच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरे युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या विद्यापीठापेक्षा निराळी निघतात.

आधी वेळेबद्दल. माणसाला एखादी खूण ओळखून बोट हलवायला किती वेळ लागतो, हे मोजण्याची धडपड संगणकाच्या फार आधीची आहे. उट्रेख्टच्या डॉन्डर्स यांनी १८६८ मध्ये साधी प्रतिक्रिया आणि निवड करावी लागणारी प्रतिक्रिया यांच्यातला फरक मोजून ‘निवडीला’ लागणारा वेळ काढला. लाइपझिगला १८७९ मध्ये वुंट यांची प्रयोगशाळा सुरू झाली, तिथे माथेउस हिप यांच्या नावाचे क्रोनोस्कोप सेकंदाचा हजारावा भाग दाखवत असे. भारतात पहिली प्रयोगशाळा कोलकाता विद्यापीठात १९१६ साली उभी राहिली. ती उभारणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकून आले होते. म्हैसूरला १९२४ मध्ये गोपालस्वामींनी विभाग सुरू केला. पुणे विद्यापीठात प्रा. कोथुरकरांनी शिकणे आणि स्मरण या विषयांवर प्रायोगिक काम केले. जुन्या विभागांच्या कपाटांत टॅचिस्टोस्कोप, मेमरी ड्रम, म्यूलर-लायर भ्रमाची सरकती पट्टी ही मंडळी अजून सापडतात. त्या प्रत्येक यंत्राचे काम आज एकाच लॅपटॉपवरचा प्रोग्राम करतो.

करतो, पण नेमके किती अचूक? साध्या मॉनिटरवर चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले जाते. म्हणजे एक चौकट साधारण १६.७ मिलिसेकंदांची. ‘हा शब्द २० मिलिसेकंद दाखव’ असे प्रोग्रामला सांगितले, तरी पडदा एक चौकट दाखवेल किंवा दोन. मधले काही त्याला जमत नाही. यूएसबी कीबोर्डची चौकशी संगणक बहुधा सेकंदाला १२५ वेळा करतो, म्हणजे बोट दाबल्यापासून संगणकाला कळेपर्यंत आठ मिलिसेकंदांपर्यंत वेळ तिथेच जाऊ शकतो. शिवाय कीबोर्डच्या आतल्या सर्किटचा स्वतःचा उशीर असतोच. आवाज वाजवायचा असेल तर साउंड कार्डचा उशीर आणखी वेगळा.

सॉफ्टवेअरांची या बाबतीतली तुलना बराच काळ जाहिरातींच्या आणि ऐकीव माहितीच्या आधारे होत असे. २०२० साली ब्रिजेस, पितिओ, मॅकअस्किल आणि पीअर्स यांनी दहा पॅकेजे घेतली, शक्य तिथे विंडोज, मॅक आणि उबुंटूवर चालवली, आणि ब्लॅक बॉक्स टूलकिट नावाच्या बाहेरच्या उपकरणाने वेळ मोजली. प्रयोगशाळेतल्या संगणकावर सायकटूलबॉक्स, सायकोपाय, प्रेझेंटेशन आणि ई-प्राइम या चौघांची सरासरी चलबिचल, म्हणजे उशिरातला कमीजास्तपणा, एका मिलिसेकंदाच्या आत राहिली. ओपनसेसमी थोडे मागे पडले, विशेषतः आवाजात. एक्स्पिरिमेंट आणखी मागे. तिन्ही प्रणालींत उबुंटू किंचित सरस आणि दृश्य मजकुरासाठी मॅक सर्वांत कमजोर ठरली. ब्राउझरमधून चालणाऱ्या प्रयोगांत चलबिचल वाढली, पण सायकोपाय आणि गोरिला काही ब्राउझरांत मिलिसेकंदाच्या जवळ पोचले. प्रतिक्रियेच्या वेळेत बहुतेक पॅकेजे दहा मिलिसेकंदांच्या आत होती आणि सायकोपाय सर्व ब्राउझरांत साडेतीनच्या आत. चित्र आणि आवाज एकाच क्षणी यावेत ही अपेक्षा ब्राउझरला सर्वांत जड गेली. या अभ्यासातले पीअर्स हे स्वतः सायकोपायचे मूळ निर्माते, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. अर्थात मोजणी बाहेरच्या यंत्राने झाली आहे.

आता हे आकडे आपल्या ‘शिक्षा’वाल्या प्रयोगाला लावून पाहू. पडद्यावरचा अक्षरसमूह खरा मराठी शब्द आहे की नाही, हे बटण दाबून सांगायचे, अशी ही चाचणी. प्रौढ वाचकाला एका शब्दाला साधारण अर्धा ते पाऊण सेकंद लागतो, आणि शोधायचा फरक काही दशक मिलिसेकंदांचा असतो. यंत्राचा उशीर जर सतत सारखाच असेल, समजा प्रत्येक वेळी ३० मिलिसेकंद, तर तो ‘शिक्षा’लाही लागतो आणि साध्या शब्दालाही, वजाबाकी केली की निघून जातो. उशीर कमीजास्त होत असेल, तर तो शंभरभर शब्दांच्या सरासरीत बराचसा विरतो. म्हणून एकाच माणसाच्या दोन प्रकारच्या शब्दांची तुलना करायची असेल, तर मिलिसेकंदाच्या अंशावर जीव टाकण्याचे कारण उरत नाही.

धोका वेगळीकडे आहे. समजा पुण्याच्या विद्यार्थ्यांनी प्रयोग लॅपटॉपवर केला आणि लोहारद्याच्या वाचकांनी मोबाइलवर. लोहारद्याचा गट सरासरी ५० मिलिसेकंद मंद निघाला. तो फरक तीन भाषांत वाढल्यामुळे आला, की मोबाइलच्या काचेला बोट ओळखायला जास्त वेळ लागला म्हणून? आकड्यांत याचे उत्तर नाही. कितीही भारी सांख्यिकी लावली तरी ते बाहेर येणार नाही. ज्या यंत्रावर एका गटाने उत्तरे दिली त्याच जातीच्या यंत्रावर दुसऱ्या गटाने द्यायला हवीत, किंवा तुलनाच अशी मांडायला हवी की प्रत्येक वाचक स्वतःशीच ताडला जाईल. सॉफ्टवेअरच्या निवडीत या गोष्टीचे वजन वर सांगितलेल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त आहे.

प्रयोगशाळा माणसाकडे नेण्याचा मार्ग जुना आणि सन्मानाचा आहे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स १९०१-०२ मध्ये निलगिरीत तोडा लोकांत राहिले. म्यूलर-लायरच्या बाणांची फसवी रेघ त्यांनी तिथल्या माणसांना दाखवली आणि १९०५ साली निष्कर्ष छापले: इंग्रज लोकांपेक्षा तोडा या भ्रमाला कमी बळी पडत होते. सोबत नेलेले साधन सर्वांसाठी एकच होते, म्हणून त्या तुलनेला अर्थ आला. लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूतले बदल पाहणारा अभ्यास मिखाएल स्काइडे, फाल्क ह्युटिग, रमेश मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे माणसांना स्कॅनरपर्यंत आणावे लागले. लोहारद्याच्या प्रयोगाला स्कॅनर लागत नाही. एकसारखे कॉन्फिगर केलेले दोन-तीन लॅपटॉप बॅगेत टाकून शाळेच्या किंवा वाचनालयाच्या खोलीत मांडले, तरी प्रयोगशाळा झाली. सायकोपाय किंवा ओपनसेसमी इंटरनेटशिवाय चालते, लॅपटॉपची बॅटरी वीज गेल्यावरही तग धरते, आणि आकडे त्याच यंत्रात साठतात. या विद्यार्थिनीला असाच सल्ला द्यावासा वाटतो: लोहारद्यात लॅपटॉप न्यावा, ऑनलाइन आवृत्ती दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवावी.

आता लिपी. या बाबतीत परदेशी मार्गदर्शिका जवळजवळ गप्प असतात, आणि मराठीत किंवा हिंदीत प्रयोग करणाऱ्याला पहिला फटका इथेच बसतो.

‘पाणी’ आणि ‘राष्ट्र’ हे शब्द घ्या. शाळेतले मूल दोन्हींत दोनच अक्षरे मोजील. संगणक मात्र युनिकोडचे तुकडे मोजतो. ‘पाणी’त प, काना, ण, दीर्घ वेलांटी असे चार. ‘राष्ट्र’मध्ये र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे सात. शब्दांची लांबी दोन्ही गटांत सारखी ठेवायची म्हणून प्रोग्राममधले लांबी मोजणारे फंक्शन वापरले, तर ते हाच चार आणि सातचा हिशेब देईल, आणि जोडाक्षरांचे शब्द विनाकारण ‘लांब’ ठरतील. वाक्य शब्दाशब्दाने उघडत जाणारा वाचनाचा प्रयोग असेल, तर न उघडलेल्या शब्दाच्या जागी आडव्या रेघा दिसतात. ‘पाणी’च्या जागी चार रेघा आणि ‘राष्ट्र’च्या जागी सात, असे झाले की वाचकाला पुढच्या शब्दाची खोटी चाहूल लागते. ब्राउझरमध्ये अक्षरे तोडून देणारी सोय आता आहे, पण तिचेही वय पाहावे लागते. जुन्या नियमांनी ‘राष्ट्र’चे रा, ष्, ट्, र असे चार तुकडे पडत. २०२३ च्या युनिकोड १५.१ आवृत्तीत भारतीय जोडाक्षरांसाठी नवा नियम आला आणि त्याप्रमाणे रा आणि ष्ट्र हे दोनच पडतात. म्हणजे एकच प्रयोग जुन्या आणि नव्या मोबाइलवर वेगळा दिसू शकतो. उपाय साधा आहे: अक्षरांची संख्या माणसाने मोजून शब्दांच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहावी आणि प्रोग्रामने तीच वाचावी.

दिसण्याचा प्रश्न याहून नाजूक. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनाच्या नंतर, आणि काढली जाते आधी. हे काम अक्षरजुळणीचे इंजिन करते. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांत हार्फबझ नावाचे इंजिन आहे आणि ते देवनागरी नीट जुळवते. म्हणून जेएस-सायकसारख्या, ब्राउझरच्या साध्या मजकुरावर चालणाऱ्या साधनात ‘क्षत्रिय’ किंवा ‘उद्ध्वस्त’ न तुटता दिसतात. प्रयोगशाळेच्या पॅकेजांत मात्र मजकूर रेखाटण्याचा घटक कोणता निवडला आणि कोणत्या प्रणालीवर चालवला यावर ते अवलंबून असते. वेलांटी भलत्या बाजूला जाऊन बसते, जोडाक्षर फुटून हलन्ताचे पाय दिसू लागतात. असा शब्द वाचायला वेळ लागला तर तो वाचकाचा दोष नव्हे, आणि हिंदीच्या अर्थाचा परिणाम तर नव्हेच.

ही वेलांटी स्वतःच एका गाजलेल्या अभ्यासाचा विषय आहे. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवर पाहिले की, ज्या शब्दांत स्वराची खूण व्यंजनाआधी लिहिली जाते पण उच्चार नंतर होतो, ते शब्द वाचताना या उलट्या क्रमाची किंमत मोजावी लागते. ऱ्हस्व वेलांटीची जागा एवढी महत्त्वाची असेल, तर ती चुकीच्या जागी काढणारे सॉफ्टवेअर अख्खा प्रयोग नासवू शकते, हे वेगळे सांगायला नको. आणि आपल्या विद्यार्थिनीच्या यादीतला ‘शिक्षा’ हा पहिलाच शब्द ऱ्हस्व वेलांटीचा आहे! त्याच्या जोडीला ठेवायच्या साध्या मराठी शब्दांतही तशीच वेलांटी हवी, नाहीतर मोजला जाईल भलताच फरक.

यावर अनेक संशोधक वापरतात तो मार्ग म्हणजे प्रत्येक शब्दाचे चित्र करून ठेवणे. चित्र कुठेही तुटत नाही, प्रत्येक यंत्रावर तेच दिसते. पण शब्द बदलला की चित्र पुन्हा करावे लागते, आणि वेगवेगळ्या आकाराच्या पडद्यांवर ते ताणले गेले तर धूसर होते. प्रयोग लॅपटॉपवर, एकाच आकाराच्या पडद्यावर होणार असेल तर चित्रे उत्तम. मोबाइलवर होणार असेल तर मजकूर आणि सोबत पाठवलेला फॉन्ट बरा. फॉन्ट सोबत पाठवणे मात्र चुकवू नये, कारण तो यंत्रावर सोडला तर प्रत्येक कंपनीचा मोबाइल आपापली देवनागरी दाखवतो.

फॉन्ट निवडतानाही लोहारद्याची आठवण ठेवावी लागते. मराठी पुस्तकांतले ल आणि श यांचे वळण हिंदी पाठ्यपुस्तकांतल्या वळणाहून वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे जे प्रमाण रूप ठरवले, त्यातही ही मराठी वळणे आहेत. काही फॉन्टांत पानाची भाषा मराठी अशी नोंदवली की अक्षरे आपोआप मराठी वळणाची होतात. पुण्याच्या वाचकाला ते घरचे वाटेल. लोहारद्यात शाळा हिंदीतून शिकलेल्या वाचकाला तेच ल जरा परके वाटेल, आणि ‘हा शब्द मराठीच’ अशी कुणकुण त्याला अक्षराच्या वळणावरूनच लागेल. आपल्या प्रयोगात तर नेमके तेच टाळायचे आहे. इथे सर्वांसाठी हिंदी वळणाचा एकच फॉन्ट घेणे शहाणपणाचे, आणि निबंधात फॉन्टचे नाव लिहिणे आवश्यक.

शब्दांच्या तक्त्याबद्दलही एक गोष्ट. बहुतेक पॅकेजे शब्द एक्सेलच्या किंवा सीएसव्हीच्या तक्त्यातून उचलतात. देवनागरी असलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडली की अनेकदा अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो, आणि तशीच सेव्ह केली तर मूळ शब्द गेले ते गेलेच. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करणे, किंवा तक्ता एक्सेलच्याच स्वरूपात ठेवणे, ही सवय पहिल्या दिवसापासून हवी. ‘वाऱ्या’तला आडवा रफार दोन प्रकारे टाइप होतो; पडद्यावर सारखाच दिसतो पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द. वाचकाकडून उत्तर टाइप करून घ्यायचे असेल तर बरोबर उत्तरेही चूक ठरतील. म्हणून उत्तर बटणानेच घ्यावे.

मोठ्याने वाचून दाखवायचा प्रयोग असेल तर बटणाची जागा मायक्रोफोन घेतो, आणि तिथे नवी गुंतागुंत येते. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की घड्याळ थांबवणारी यंत्रणा शब्दाच्या पहिल्या ध्वनीला फार संवेदनशील असते. ‘स’चा सूं सूं आवाज हळू असतो, त्यामुळे ‘सकाळ’चा आरंभ तिला उशिरा कळतो. त्यापेक्षा पूर्ण आवाज ध्वनिमुद्रित करून आरंभ नंतर शोधणे चांगले. त्यासाठी प्रत्येक शब्दाची वेगळी फाइल नीट जतन करणारे पॅकेज हवे.

पॅकेजांची नावे घ्यायची तर यादी लांब होईल; इथे कामाची तेवढीच. सायकोपाय हे नॉटिंगहॅमच्या जोनाथन पीअर्स यांनी पायथन भाषेत बांधलेले मुक्त सॉफ्टवेअर. चित्रांच्या चौकटी जुळवून प्रयोग तयार करता येतो, हवे तिथे कोड घालता येतो, आणि तोच प्रयोग ब्राउझरसाठी रूपांतरित करून पाव्हलोव्हिया या सेवेवर चढवता येतो. सॉफ्टवेअर फुकट, ऑनलाइन चालवण्याचे पैसे. ओपनसेसमी हे सेबास्तियान माथोत आणि सहकाऱ्यांचे, २०१२ साली प्रसिद्ध झालेले, तेही मुक्त आणि नवशिक्याला बहुधा सर्वांत सोपे. ई-प्राइम विकत घ्यावे लागते आणि फक्त विंडोजवर चालते; ज्या विभागात ते आधीच आहे आणि ईईजीसारखी उपकरणे जोडलेली आहेत, तिथे त्याचे स्थान पक्के आहे. सायकटूलबॉक्स मॅटलॅबवर चालते. १९९७ साली डेव्हिड ब्रेनार्ड आणि डेनिस पेली यांच्या लेखांनी ते जगासमोर आले आणि दृष्टीचे बारीक प्रयोग करणाऱ्यांचे ते आजही आवडते आहे. नुसत्या शब्दनिर्णयासाठी ते शिकायला वर्ष घालवू नये.

ऑनलाइनकडे जेएस-सायक हे जोशुआ डी लीउ यांचे, २०१५ च्या लेखातून परिचित झालेले साधन. ते मुक्त आहे, जावास्क्रिप्टची थोडी ओळख मागते, आणि स्वतःचा सर्व्हर देत नाही. सर्व्हरसाठी जेटॉस नावाचा मुक्त प्रोग्राम विद्यापीठाच्या संगणकावर बसवता येतो; युरोपातल्या संज्ञानात्मक मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेने संशोधकांसाठी माइंडप्रोब या नावाने तो मोफतही चालू ठेवला आहे. गोरिलामध्ये सगळे माउसने बांधता येते, पण प्रत्येक सहभागीमागे पैसे पडतात. एम. ए.च्या प्रबंधाला विभागाकडून निधी मिळत नसेल, तर हा खर्च विद्यार्थिनीच्या खिशातून जातो. त्यामुळे ‘किती माणसे’ हा आकडा आणि ‘किती रुपये’ हा आकडा शेजारी शेजारी लिहूनच निर्णय घ्यावा.

ऑनलाइन प्रयोगांवर भरवसा किती ठेवायचा, याचे एक चांगले उत्तर २०१३ मध्ये क्रम्प, मॅकडॉनेल आणि गुरेकिस यांनी दिले. अ‍ॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर लोकांना जमवून त्यांनी स्ट्रूपसारखे जुने प्रयोग घरोघरच्या संगणकांवर करून पाहिले. रंगाचे नाव एका रंगात आणि शाई दुसऱ्या रंगाची असली की माणूस अडखळतो, हा परिणाम तिथेही ठसठशीत मिळाला. क्षणभर चमकून जाणाऱ्या खुणांच्या प्रयोगात मात्र निकाल धूसर राहिले. देवासच्या प्रश्नाला असे क्षणभर चमकणारे काही लागत नाही, त्यामुळे तो ऑनलाइन नेता येईल. फक्त मोबाइलवर एफ आणि जे ही बटणे नसतात. डाव्या-उजव्या अंगठ्यासाठी दोन मोठ्या जागा आखाव्या लागतील, पडदा आडवा धरायला सांगावे लागेल, आणि सगळे शब्द सुरुवातीलाच उतरवून घ्यावे लागतील, म्हणजे मध्येच रेंज गेली तरी प्रयोग थांबणार नाही. प्रत्येकाचे यंत्र, ब्राउझर आणि पडद्याचा आकार आपोआप नोंदवला जावा. व्हॉट्सॲपची सूचना वरून घसरत आली की वाचकाचे लक्ष जाते. दोन-तीन सेकंदांच्या पुढची उत्तरे वगळण्याचा नियम आधीच लिहून ठेवावा, निकाल पाहून नव्हे.

आणखी एक जबाबदारी संमतीची. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि संस्थेची नीतिसमिती यांच्याखेरीज २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या विदेसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी असे म्हटले आहे. संशोधनाला काही सवलत आहे, पण ती अटींसह. शाळेतल्या मुलांकडून ऑनलाइन लिंकवर उत्तरे घेण्याआधी समितीशी बोलणे भाग आहे. संमतीपत्रक मराठी आणि हिंदी दोन्हींत असावे, आणि पॅकेजने नाव, फोन नंबर किंवा नेमके ठिकाण न मागता चालावे. विदा कोणत्या देशातल्या सर्व्हरवर साठते, हेही पत्रकात लिहावे लागेल.

सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी आत भरलेले शब्द उसने असून चालत नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या बुद्धिमापनाचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. १९४० साली त्यांचे पुस्तक आले आणि बिने-कामत चाचणी दवाखान्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. प्रश्न भाषांतरित करून ते थांबले नाहीत. इथल्या मुलांवर ते लावून पाहिले, त्यांचा क्रम आणि वय नव्याने बसवले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या ‘दाली’ या वाचनदोष-चाचणीतही हिंदी, मराठी आणि कन्नड यांचे मजकूर वेगवेगळे घडवले आहेत. हिंदी शब्दांची वारंवारता आणि त्यांना ओळखायला लागणारा वेळ सांगणारा ‘शब्द’ हा संच २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, तो या प्रयोगाच्या हिंदी बाजूला थेट उपयोगी पडेल. मराठी बाजूसाठी कॉर्पसमधून वारंवारता काढून, वर देवासच्या काही मराठी वाचकांकडून ‘हा शब्द तुमच्या घरात बोलला जातो का’ असे विचारून घ्यायला हवे. माळव्यातल्या मराठीचा शब्दसाठा पुण्याच्या वर्तमानपत्रावरून ठरवणे अन्यायाचे होईल.

लोहारद्याला जाण्याआधी एक दिवस यंत्रांसाठी राखून ठेवावा. ब्लॅक बॉक्स टूलकिट परवडत नसेल तर स्लो-मोशन चित्रीकरण करणारा मोबाइल पुरतो: सेकंदाला २४० चौकटी म्हणजे एक चौकट चार मिलिसेकंदांच्या आसपास. पडदा आणि कीबोर्ड एकाच चित्रात घ्यायचे, बटण दाबले की पडदा पांढरा होईल असा छोटा प्रोग्राम लावायचा, आणि मधल्या चौकटी मोजायच्या. दहा-वीस वेळा मोजले की त्या लॅपटॉपचा उशीर आणि त्याची चलबिचल दोन्ही कळतात. मग यादीतला प्रत्येक शब्द एकदा पडद्यावर आणून मराठी वाचणाऱ्या दोघांनी डोळ्यांखालून घालायचा, वेलांट्या आणि जोडाक्षरे तपासायची. ओळखीच्या चार-पाच जणांवर प्रयोग चालवायचा आणि आकड्यांची फाइल लगेच उघडून पाहायची: शब्द देवनागरीतच साठला का, वेळ मिलिसेकंदांत आहे की सेकंदांत, चुकीचे बटण दाबलेले वेगळे ओळखता येते का, फॉन्ट आणि पॅकेजची आवृत्ती नोंदली गेली का. सायकोपायमध्ये प्रयोग कोणत्या आवृत्तीवर चालवायचा ते प्रोग्राममध्येच बांधून ठेवता येते. तसे ठेवावे, कारण दोन वर्षांनी धारच्या एखाद्या महाविद्यालयात कुणी हाच प्रयोग पुन्हा करायला घेतला, तर त्याला शब्दांचा तक्ता, फॉन्ट आणि तीच आवृत्ती अशा तिन्ही गोष्टी एकाच फोल्डरमध्ये मिळायला हव्यात.